मानांवर मोजलेलं गाव

थोरला पहिल्यांदा नजरेत भरला तो दुकानात कात्री चालवताना नव्हे, तर रस्त्यात उभा राहून लोकांच्या मानांकडे बघताना. वरची पेठ जिथे संपते आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या सुरू होतात, तिथे एक दगडी कठडा आहे. त्या कठड्याला टेकून, खांद्यावर टॉवेल टाकून हा उभा होता. पायऱ्या उतरणाऱ्या माणसाची पाठ त्याच्याकडे असायची आणि याची नजर त्या माणसाच्या कॉलरच्या वर, केस संपतात त्या रेघेवर. एक जण उतरला, थोरल्याने समाधानाने मान डोलावली. दुसरा उतरला, थोरल्याचे ओठ आवळले गेले. तिसरा उतरला तेव्हा तो पुटपुटला, "हाही गेला."

तो तिसरा माणूस चांगला धडधाकट होता आणि हातात पिशवी घेऊन बाजाराला निघाला होता. 'गेला' म्हणजे पायऱ्यांखाली धाकट्या भावाच्या दुकानात केस कापायला जाऊ लागला. थोरल्याच्या हिशेबी मात्र त्यात आणि मरण्यात फारसा फरक नव्हता.

गाव कसं आहे ते आधी सांगायला हवं, कारण थोरल्याचं सगळं दुखणं गावाच्या आकारातच आहे. एक लांबट टेकडी, तिच्या माथ्यावरून जाणारा एकच रस्ता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं. ही वरची पेठ. टेकडीच्या मागच्या बाजूला दगडाची खाण, तिच्यामुळेच हे गाव वसलं. पुढच्या बाजूला पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी पूर्वी नुसता माळ होता, एक ओढा होता आणि ओढ्यावर पूल होता. खाणीतला दगड संपत आला त्याच सुमाराला माळावरून मोठा रस्ता गेला. मग गाव हळूहळू खाली घरंगळू लागलं. आधी फाट्यावर बस थांबायला लागली. मग पेट्रोल पंप आला, मग दुधाची डेअरी, मग शाळेची नवी इमारत. लग्न झालेली पोरं फाट्यावर घर बांधायची आणि आईवडिलांना "जरा बस्तान बसलं की तुम्हालाही नेतो" असं सांगून जायची. वर उरली गुडघे दुखणारी माणसं. त्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या, म्हणून ती थोरल्याची गिऱ्हाइकं राहिली होती. आपली कात्री नव्हे, लोकांचे गुडघे आपलं दुकान चालवतात, हे थोरल्याला कळत होतं आणि रात्रंदिवस सलत होतं.

नव्या शिरगणतीत फाट्याची वस्ती वरच्या पेठेच्या पुढे गेली. कचेरीच्या भिंतीवर तसा कागद लागला तेव्हा थोरल्याने तो नाक वर करून वाचला आणि निकाल देऊन टाकला, "चुकलंय."

"सरकारी मोजणी आहे अरे," शिंपी म्हणाला.

हा शिंपी थोरल्याचा शेजारी आणि बालमित्र. स्वतःच्या मशीनपेक्षा थोरल्याच्या दुकानातच त्याचा मुक्काम जास्त. गळ्यात बारा महिने मफलर, कारण त्याच्या घशाला वारं बाधतं.

"असेल सरकारी. पण त्यांनी पाळण्यातली पोरं धरलीत त्यात. ज्यांच्या डोक्यावर धड केस नाहीत, ती कसली माणसं?"

"त्या न्यायाने मीही गावात नाही," शिंपी टकलावरून हात फिरवत म्हणाला. त्याच्या टकलाभोवती मागच्या बाजूने केसांची एक झालर होती, तेवढीच काय ती कापायला लागायची, आणि ती घरीच कापून घेतो असं तो सांगायचा.

"तुझी झालर आहे ना. तू अर्धा."

शिंपी रोज ज्या खुर्चीत बसून पेपर वाचायचा ती धाकट्याची. थोरल्याच्या दुकानात दोन खुर्च्या होत्या, लाकडी, हातांवरचं रोगण झिजलेल्या. बाप गेला तेव्हा धाकटा लहान होता. थोरल्याने त्याला वाढवलं आणि काम शिकवलं. धाकटा डावरा. कात्री उजव्या हाताची, त्यामुळे सुरुवातीला त्याचं बोट कापायचं, गिऱ्हाइकाचा कान थोडक्यात वाचायचा. थोरल्याने शहरातून डाव्या हाताची कात्री मागवून दिली. एवढं सगळं केलं, पण दोघांची मानेवरची रेघ काही सारखी झाली नाही. थोरल्याची रेघ पट्टीने ओढावी तशी सरळ. धाकट्याची किंचित गोल, मानेबरोबर वळणारी. थोरला म्हणायचा, "रेघ म्हणजे रेघ. ती वळते कशाला?" गिऱ्हाइकं काही बोलायची नाहीत, पण हळूहळू धाकट्याच्या खुर्चीसाठी थांबायला लागली. थोरल्याची खुर्ची रिकामी असली तरी बाकावर बसून पेपर चाळायची. "नाही नाही, घाई नाही," असं म्हणायची. तेव्हापासून थोरला गिऱ्हाइकांच्या तोंडाऐवजी मानांकडे बघू लागला.

मोठा रस्ता झाल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, आपण खाली जाऊ. दोघं मिळून दुकान टाकू."

"तू जा."

"तू नाहीस तर मी एकटा काय करू?"

"का? रेघ वळवता येते ना तुला? वळव तिकडे."

धाकटा गेला. भांडण असं झालंच नाही, त्यामुळे मिटवायलाही काही नव्हतं. त्याने फाट्यावर दुकान थाटलं, काचेचं दार, वर खाली होणाऱ्या खुर्च्या, हाताखाली दोन कारागीर. तरीही दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी तो न चुकता वर यायचा, कारण एक गोष्ट त्या दोघांच्या घरात पहिल्यापासून ठरलेली होती. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. थोरल्याचे केस धाकट्याने कापायचे, धाकट्याचे थोरल्याने. तिसऱ्या हाताला डोकं द्यायचं नाही, असं त्यांच्या बापाचं सांगणं होतं. तेवढा तासभर दोघं बोलायचे. बोलायचे म्हणजे धाकटा बोलायचा आणि थोरला "हं" म्हणायचा.

मग एके दिवशी शाळेचे हेडमास्तर पायऱ्या उतरताना थोरल्याला दिसले. पांढऱ्याशुभ्र केसांखाली गोल रेघ. हे हेडमास्तर थोरल्याचे बापाच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक होते. थोरल्याच्या अंगाची लाही लाही झाली. त्या आठवड्यात धाकटा वर आला, तेव्हा थोरल्याने खुर्चीवरचा टॉवेल उचललाच नाही.

"दोन माणसं ठेवलीस ना हाताखाली? घे की त्यांच्याकडून कापून."

धाकट्याने दारातूनच त्या टॉवेलकडे पाहिलं. मग "बरं" म्हणाला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

झालं. थोरल्याचे केस वाढू लागले. पुढचे तो आरशात बघून कसेबसे छाटायचा, पण मागे हात पोचत नव्हता. कानांवरून केस ओघळले, मग कॉलरवर आले. एकदा बायकोने कात्री हातात घेतली. तिने कापून झाल्यावर थोरला आठ दिवस टोपी घालून झोपला. केस वाढले तशी उरलीसुरली गिऱ्हाइकंही चुळबुळू लागली. खुर्चीत बसलेला माणूस आरशात आधी आपलं डोकं बघायचा, मग मागे उभ्या थोरल्याचं, आणि म्हणायचा, "आज नुसती दाढीच करू."

धाकट्याच्या बातम्या मात्र वर येत होत्याच. तो म्हणे हल्ली कायम टोपी घालतो, छान निळी टोपी.

"मिरवतोय," थोरला म्हणाला. "शहरात जाऊन कापून घेत असणार. तिथला कट इथल्या लोकांना फुकट कशाला दाखवील?"

"असेल, असेल," शिंपी पेपरमागून म्हणाला.

असं चाललेलं असताना कचेरीतला कारकून पायऱ्या चढून धापा टाकत वर आला. वस्ती वाढल्यामुळे गावाला नगराचा दर्जा मिळाला होता, फाट्यावर नवी कचेरी झाली होती, आणि तिच्या मोठ्या खोलीत गावातल्या सगळ्या जुन्या दुकानदारांचा एक फोटो लावायचं ठरलं होतं.

"कायमचा लागणार भिंतीवर," कारकून म्हणाला. "तुम्ही यायलाच हवं. वरच्या पेठेतून तुम्ही आणि शिंपीकाका, दोघंच उरलात." मग त्याने थोरल्याच्या डोक्याकडे पाहिलं. तो भला माणूस होता, म्हणून पटकन खिडकीबाहेर बघू लागला.

थोरल्याने ही गोष्ट मनाला फार लावून घेतली. फोटोला गेलो नाही, तर उद्या गावात कोणी म्हणणार नाही की वरच्या पेठेत असं एक दुकान होतं. गेलो, तर हे जंगल डोक्यावर घेऊन जन्मभर भिंतीवर लटकायचं, आणि शेजारी धाकटा, शहरातून कापून आणलेल्या केसांचा. लोक बोट दाखवून विचारतील, "यातला केस कापणारा कोण?"

फोटोच्या आदल्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, आज त्याचं दुकान बंद असतं. एकटाच कंगवे धूत बसलेला असतो."

"तुला काय माहीत?"

"बघते ना मी."

"तू त्याच्या दुकानात जातेस?"

"भाजी खाली ताजी मिळते. जाता जाता डोकावते. वहिनी वहिनी करतो, खुर्ची पुढे ओढतो. मी काय तोंड फिरवू?"

थोरल्याने कप बाजूला सारला. म्हणजे घरातलं माणूसही खाली जातं. "कसली खुर्ची?" त्याने विचारलं.

"मऊ आहे," बायको म्हणाली आणि आत गेली.

दुपारी थोरला पायऱ्या उतरला. इतक्या वर्षांत आपण लोकांच्या माना वरून बघितल्या, आज आपली मान कोण बघतंय, या विचाराने त्याने कॉलर वर ओढून घेतली. फाट्यावर त्याला सगळंच खुपत होतं. रुंद रस्ता खुपला, डेअरीसमोरची सायकलींची रांग खुपली, शाळेतून सुटलेला पोरांचा लोंढा तर फारच खुपला. एवढी डोकी, आणि प्रत्येकाखाली गोल रेघ.

धाकटा खरंच कंगवे धूत होता. निळी टोपी डोक्यावर.

"दादा?"

"इकडून चाललो होतो."

"इकडून कुठे?"

"पुढे."

पुढे ओढा होता. धाकट्याने ओढ्याकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं, आणि न हसता खुर्ची झटकली. "बस तरी."

थोरला उभाच राहिला. "उद्या टोपी घालूनच फोटो काढणार का तू?"

धाकट्याने टोपी काढली. थोरला बघतच राहिला. टोपीखाली दाबून बसवलेला केसांचा नुसता पसारा होता, एका कानावर जास्त, दुसऱ्यावर कमी. मागे त्याने स्वतःच कात्री चालवून बघितली असावी, कारण तिथे उंदरांनी कुरतडल्यासारखे चट्टे पडले होते.

"ही दोन माणसं कशाला ठेवलीस मग?" थोरल्याच्या तोंडून गेलं.

"कामाला ठेवलीत. माझं डोकं द्यायला नाही."

थोरला खुर्चीत बसला. खुर्ची खरोखरच मऊ होती. धाकट्याने पायाने दांडा दाबला तशी ती अलगद वर गेली. थोरल्याला वाटलं, बायकोने हेही अनुभवलंय. नळ सोडला की गरम पाणी येत होतं. वर त्याला चुलीवरून भांडं आणावं लागायचं. आरशाभोवती दिवे होते. या सगळ्याचा त्याला इतका राग आला की त्याने डोळेच मिटून घेतले. डाव्या हाताची कात्री कानामागे कुजबुजत राहिली. आवाज तोच होता. ती कात्री त्यानेच मागवलेली होती.

"झालं. बघ," म्हणून धाकट्याने मागे आरसा धरला.

"राहू दे. बघितलं," थोरला डोळे न उघडताच म्हणाला.

मग त्यांनी जागा बदलल्या. थोरल्याने कात्री घेतली, आणि कात्री हातात आल्यावर त्याला बरं वाटू लागलं. केसांचे झुपके पडू लागले, आतून धाकट्याचा ओळखीचा चेहरा निघू लागला. धाकटा डेअरीबद्दल, पुलाच्या डागडुजीबद्दल बोलत होता. थोरला दोनदा "हं" म्हणाला. मानेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

तेवढ्यात काचेच्या दारावर टकटक झाली.

दारात शिंपी होता. ऊन असल्यामुळे मफलर त्याच्या हातात होता. आत कोण कात्री घेऊन उभं आहे ते काचेवरच्या उजेडात त्याला दिसलं नसावं. "बंद आहे होय? मी विसरलोच. येतो मग उद्या फोटोच्या आधी, नेहमीसारखी झालर सारखी करून दे," असं मोठ्याने म्हणून तो वळला. त्याच्या उघड्या मानेवर, टकलाच्या झालरीखाली, सुबक गोल रेघ होती.

थोरल्याचा हात थांबला. ज्याच्या घशाला वारं बाधतं, तो माणूस रोज आपल्याच दुकानात, आपल्याच समोर बसून पेपर वाचतो! मफलर घशासाठी नव्हताच. मानेसाठी होता.

"तो दर पंधरवड्याला येतो रे," धाकटा हळूच म्हणाला. "वर तुला सांगायची त्याला लाज वाटते."

 पट्टीसारख्या सरळ रेघेचा तो माणूस, आयुष्यात पहिल्यांदा त्याने जाणूनबुजून हात उचलला. धाकट्याच्या मानेवरची रेघ उजवीकडे गव्हाच्या दाण्याएवढी वर गेली. फार नाही. पण केसांच्या धंद्यातल्या माणसाच्या मानेवर तेवढं पुरे होतं. उद्या अख्खा फाटा त्याच्यामागून चालेल आणि बघेल. आणि फोटोत मान दिसत नाही, म्हणून हा ठपका भिंतीवर जाणार नाही. एवढा सगळा विचार त्याने कात्री खाली ठेवता ठेवता करून टाकला.

"झालं," तो म्हणाला, आणि आरसा न धरताच निघाला.

पायऱ्या चढताना त्याच्या मनात दुसरंच सुरू झालं. मी हे केलं, तर त्यानेही केलंच असणार. आरसा धरण्याचं नाटक केलं, कारण मी डोळे मिटलेत हे त्याला दिसत होतं. वर पेठेत दोन म्हाताऱ्या ओट्यावर बसल्या होत्या, त्या त्याच्याकडे बघून हसल्या. झालं, म्हणजे काहीतरी आहे.

घरी येताच त्याने बायकोपुढे मान वाकवली. "बघ. कशी आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे? वर आहे का कुठे? डावीकडे?"

"अहो, छान म्हणजे छान."

तिच्यावर आता त्याचा विश्वास नव्हता. ती मऊ खुर्चीत बसून आलेली होती. तो दुकानात गेला, भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली, हातातला आरसा समोर धरला आणि हळूहळू तिरका करत आणला.

रेघ गोल नव्हती. सरळ होती. एका कानाखालून निघून दुसऱ्या कानाखाली पोचलेली, पट्टीने ओढावी तशी, थोरल्याचीच रेघ. डाव्या हाताने ती इतकी सरळ काढायची म्हणजे किती कष्ट, हे गावात फक्त थोरल्याला कळू शकत होतं. आणि हे धाकट्याने उद्या फोटोत दिसणार नाही अशा जागी केलं होतं.

थोरल्याने आरसा खाली ठेवला. पहिली गोष्ट त्याच्या मनात आली ती अशी की ही रेघ माझ्याहूनही सरळ आहे. या विचाराने तो पुन्हा एकदा जळला. मग शिंप्याच्या पेपरची घडी पडलेल्या त्या दुसऱ्या खुर्चीत तो बराच वेळ बसून राहिला.

सकाळी दुकानं उघडायच्या आधी तो पायऱ्या उतरला. धाकटा काचेचं दार पुसत होता, टोपीशिवाय. रेघ तशीच, उजवीकडे वर.

"ये," धाकटा म्हणाला. "पाणी गरम आहे."

"बस," थोरला म्हणाला. "ते जरा राहिलंय मागे."

"माहीत आहे. दोन आरसे माझ्याकडेही आहेत, दादा."

"मग तुझ्या माणसांकडून सारखं करून का नाही घेतलंस?"

"म्हटलं, बघू येतोस का."

"आणि नसतो आलो तर?"

धाकटा खुर्चीत बसला आणि मान पुढे वाकवली. "फोटोत मान दिसत नाही."

थोरल्याने वस्तरा घेतला. सरळ करायला रेघ थोडी वर न्यावी लागली असती, म्हणून त्याने ती वळवली. आयुष्यात कधी न काढलेली गोल रेघ, भावाची रेघ, त्याने भावाच्या मानेवर काढली. ती फार चांगली जमली नाही, आणि ते त्याने स्वतःहून सांगितलं. धाकट्याने आरशात बघून "चालेल" म्हटलं, आणि त्या 'चालेल'चा थोरल्याला पुढे महिनाभर राग होता.

तो फोटो आता नव्या कचेरीच्या मोठ्या खोलीत आहे. दोघे भाऊ शेजारी शेजारी उभे आहेत, आणि एका बाजूला शिंपी, भर उन्हात मफलर गुंडाळून. शिंपी अजून वरच्या दुकानात पेपर वाचायला येतो आणि थोरला अजून त्याला मफलर काढायला सांगत नाही. कठड्याशी उभं राहून माना बघणं सुटलेलं नाही. फाट्याची वस्ती आणखी वाढली, तेव्हाही तो "चुकलंय" असंच म्हणाला. वहिनीसाठी म्हणून धाकट्याने एक मऊ खुर्ची वर पाठवायची तयारी दाखवली, तर थोरल्याने ती ठेवायला जागा नाही असं सांगितलं. धाकट्याची जुनी खुर्ची आहे ना तिथे.

थोरल्याचं दुकान वरच्या पेठेतच आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो पायऱ्या उतरून धाकट्याकडे जातो आणि दोघं एकमेकांचे केस कापतात.